आपली पत कोणाच्या वहीत?

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती, विणकामाचे नमुने, सहलीचा वृत्तांत आणि एखादी कविता असतेच. या वर्षी आमच्या कार्यवाह बाई म्हणाल्या, "तुम्ही भिशीच्या दिवशी जे बोललात तेच लिहून द्या." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, लेख लिहिण्याचा सराव नाही. परंतु घरचा जमाखर्च गेली बावीस वर्षे मी लिहीत आले आहे, आणि हा विषयही जमाखर्चाचाच आहे. पत म्हणजे काय, ती आजवर कोण लिहून ठेवीत आले, आणि त्यात बायकांचे नाव कोठे होते, एवढेच मला सांगावयाचे आहे. हल्ली क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला की बँकेत 'सिबिल' विचारतात. ते नाव ऐकून भगिनी बिचकतात. पण गोष्ट जुनीच आहे, वही तेवढी नवी.

आपल्या भाषेत ऐपत आणि पत असे दोन शब्द शेजारी शेजारी राहतात. ऐपत म्हणजे आज आपल्याजवळ काय आहे ते. पत म्हणजे आज जवळ नसले तरी उद्या ही व्यक्ती देईल, असा दुसऱ्याला वाटणारा भरवसा. दादरच्या चाळींतून राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांची ऐपत बेताची होती, पण वाण्याकडे पत चोख होती. महिन्याचे सामान उधारीवर यायचे. त्याची नोंद दोन वह्यांत व्हायची, एक दुकानात राहायची आणि एक आपल्या घरी. मुलाला पाठवताना "वही घेऊन जा" असे बजावायचे. वाण्याने अडीच शेर डाळीचे तीन शेर मांडले तर संध्याकाळी घरात ते कळायचे, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन भांडताही यायचे. ही घरची वही मला फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्याविषयी जे लिहिले आहे ते आपल्याला वाचता येत होते. सामान आणणार बाई, काटकसर करणार बाई, पगाराच्या दिवशी पैसे नेऊन देणारही पुष्कळदा बाईच. वहीवर नाव मात्र घरधन्याचे.

मोठ्या व्यापारातही असेच होते. पेढ्यांवर हुंडी चालत असे. तिच्यात 'शहाजोग' हुंडी असा एक प्रकार होता, म्हणजे तिचे पैसे बाजारात ज्याची पत आहे अशा शहालाच द्यायचे, भलत्याला नाही. कोण शहा आणि कोण नाही हे बाजाराला तोंडपाठ असे. आपण मात्र आता साळसूदपणाचा आव आणणाऱ्याला शहाजोग म्हणतो. शब्दाची एवढी पत कशी गेली, ते भाषापंडितांनी सांगावे!

बायकांची पत म्हणजे अंगावरचे सोने. अडचण आली की पाटल्या सोनाराकडे किंवा सावकाराकडे जात आणि सुटल्या तर परत येत. स्त्रीने मिळवलेल्या मालमत्तेवर तिचा पूर्ण हक्क हिंदू वारसा कायद्याने मान्य झाला तो १९५६ साली. पण त्याच्या कितीतरी आधी मुंबईत एका बँकेला बायकांची आठवण झाली होती. सोराबजी पोचखानावाला यांनी १९११ साली सेंट्रल बँक ऑफ इंडिया काढली आणि त्या बँकेने १९२४ साली केवळ स्त्रियांसाठी वेगळा विभाग उघडला. शिवाजी पार्कचे मैदान व्हायच्याही आधीची ही गोष्ट. अर्थात तेथे बायका येत त्या पैसे ठेवायला. कर्ज देताना त्यांची पत कशी मोजायची हा प्रश्न त्यानंतरही पुष्कळ वर्षे तसाच राहिला.

वहीवरून आपल्या मुलखात एकदा मोठा दंगा झाला आहे. पुणे जिल्ह्यात सुपे म्हणून गाव आहे. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, तेथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. मागे अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते तेव्हा तिकडचा कापूस बंद पडला म्हणून आपल्या कापसाला भाव आला, आणि सावकारांनी शेतकऱ्यांना मोकळ्या हाताने कर्जे दिली. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव पडले. त्यात सरकारने सारा वाढवून ठेवला होता. सावकारांनी हात आखडला आणि जुन्या कर्जासाठी जमिनी घेण्यास सुरुवात केली. सुप्याच्या दंग्याचे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. त्यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, पुष्कळ ठिकाणी लोकांनी माणसांना हात लावण्यापेक्षा कर्जरोखे आणि खतावण्या मागून घेतल्या आणि चौकात जाळल्या. राग होता तो मुख्यतः कागदावर. ज्या कागदावर आपला अंगठा आहे, पण त्यात काय लिहिले आहे ते आपल्याला वाचता येत नाही, अशा कागदावर.

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी एक कायदा झाला. त्याच्या इतर कलमांत मी शिरत नाही. पण त्या कायद्याने शेतकऱ्याला तीन हक्क दिले: पैसे भरल्याची लेखी पावती मागण्याचा, दरसाल हिशेबाचा उतारा मागण्याचा, आणि आपल्या खात्याची पासबुकासारखी वही भरून घेण्याचा. वाण्याची जी वही आपल्या घरी असे, ती शेतकऱ्याला मिळण्यासाठी आधी खतावण्यांची होळी व्हावी लागली.

त्याच शतकात तिकडे अमेरिकेत दुसरीच गंमत चालली होती. १८३७ साली तेथील बाजार कोसळला आणि पुष्कळ व्यापारी बुडाले. तेव्हा लुइस टॅपन या न्यूयॉर्कच्या रेशीम व्यापाऱ्याने १८४१ साली 'मर्कंटाइल एजन्सी' नावाची कचेरी काढली. गावोगावी वार्ताहर नेमायचे, बहुतेक वकील, आणि त्यांनी आपल्या गावातील दुकानदार कसा आहे ते लिहून पाठवायचे: त्याचे भांडवल किती, तो शब्दाचा पक्का आहे की नाही, दारू पितो की काय. हे सर्व मोठमोठ्या वह्यांत उतरवून घेत. वर्गणीदार व्यापाऱ्याने कचेरीत यावे आणि त्याला ते वाचून दाखवावे. ज्याच्याविषयी लिहिले त्याला मात्र वही बघायची सोय नव्हती. आजच्या पत-अहवालाचे हे पणजोबा होत. असा अहवाल ज्याचा त्याला बघता यावा म्हणून त्या देशात १९७० साली कायदा करावा लागला. आणि बाई म्हणून किंवा लग्न झाले आहे किंवा नाही एवढ्यावरून कर्ज वा कार्ड नाकारू नये, हा कायदा तर १९७४ साली झाला. तोवर नोकरी करणाऱ्या बाईलाही नवऱ्याची सही आणायला सांगत. म्हणजे या बाबतीत अमेरिका काही फार पुढे होती अशातला भाग नाही.

आता आपल्या घराजवळ येते. दादरहून परळ, लालबागकडे निघाले की एके काळी रस्त्याच्या दोन्ही अंगांना गिरण्यांच्या चिमण्या दिसत. कोकणातून आणि घाटावरून पुरुषमाणसे एकटी यायची, एका खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपायची, आणि जेवायची ती खाणावळीत. खाणावळ म्हणजे पाटी लावलेले हॉटेल नव्हे. एखादी बाई आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत दहा-वीस जणांचा स्वयंपाक करी आणि महिन्याचे पैसे पगाराच्या दिवशी घेई. माझ्या सासूबाई लालबागला लहानाच्या मोठ्या झाल्या. त्यांची आई खाणावळ चालवीत असे. सासूबाई सांगत, पहाटे चारला चूल पेटायची आणि रात्रपाळीचा शेवटचा माणूस जेवून गेला की मग भांडी.

या बाईचा व्यवहार नीट पाहा. ती गिरणीकामगाराला महिनाभर उधारीवर जेवू घालते, म्हणजे ती सावकारच झाली. पण व्याज एक पैसा नाही. त्यासाठी ती स्वतः वाण्याकडून धान्य उधार आणते आणि तो मात्र भाव चढा लावतो. त्यावर भागले नाही की सावकार, किंवा दाराशी काठी घेऊन बसणारा पठाण. त्यांचा एक ठरलेला दर असे, रुपयाला महिना आणा. ऐकायला किती थोडे वाटते! पण सोळा आण्यांच्या रुपयावर वर्षाला बारा आणे म्हणजे शेकडा ७५ टक्के व्याज झाले. मंगळसूत्र गहाण ठेवून खाणावळ चालवणाऱ्या बायका गिरणगावात होत्या.

मग संप येत. १९७४ साली गिरण्यांचा ४२ दिवसांचा संप झाला. पगार बंद म्हणजे खाणावळीचे पैसे बंद, पण जेवणारा जेवायला यायचाच. त्याला उपाशी कसे पाठवायचे? या बायकांनी जेवू घातले आणि स्वतः कर्जात बुडाल्या. कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांच्या हे ध्यानात आले. गोवामुक्तीच्या लढ्यात तरुणपणीच पडलेल्या या बाई. गिरण्यांतल्या कामगारांची युनियन होती, पण त्यांना जेवू घालणाऱ्या बायकांचे कोणीच नव्हते. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. आपल्या दादरलाच त्याचे काम वाढले, हे सर्व भगिनींना ठाऊक आहे.

त्याआधी १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँका राष्ट्रीयीकृत झाल्या होत्या आणि गरिबांना कर्ज द्यावे असे बँकांना सांगण्यात आले होते. परंतु सांगणे वेगळे आणि काउंटरवरची गोष्ट वेगळी. खाणावळवालीकडे दुकानाचा परवाना नाही, घर भाड्याचे आणि तेही नवऱ्याच्या नावावर, सही येत नाही, तारण नाही. बँकेच्या दृष्टीने तिला पतच नव्हती. आणि गंमत म्हणजे, वीस कामगारांना महिनाभर उधार देणारी आणि तरीही वाण्याचे पैसे चुकते करणारी बाई म्हणजे पतीचा अगदी जिवंत नमुना! मंडळाने शेजारच्या बायकांचे गट केले, एकीची हमी दुसरीने घ्यायची असे ठरवले, अर्ज भरून दिले, बँकेच्या अधिकाऱ्यांना खोल्यांतून फिरवले. कर्जे मिळाली. रक्कम लहान होती, पण ती त्या बाईच्या स्वतःच्या नावावर होती, आणि बँकेचा दर पठाणाच्या दराच्या आसपासही नव्हता. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर असा कधी मिटलाच नाही, आणि कित्येक खाणावळी त्यात कायमच्या बसल्या. सासूबाईंच्या आईचीही त्यातलीच एक. कोणी किती देणे होते त्याची वही त्यांनी पुष्कळ वर्षे जपून ठेवली होती. वसुलीला मात्र त्या कोणाच्या दारात गेल्या नाहीत.

अशीच एक हकीकत सातारा जिल्ह्यातील म्हसवडची. माणदेश म्हणजे कायम दुष्काळी. तेथे लोहारकाम करणाऱ्या एका बाईला बँकेत रोज थोडे थोडे पैसे साठवायचे होते. पावसाळ्यापूर्वी झोपडीवर घालायला प्लॅस्टिकचा कागद घ्यावा एवढीच तिची इच्छा. तिचे खाते उघडायला बँक तयार होईना. तेव्हा चेतना सिन्हा यांनी ठरवले की बायकांचीच बँक काढावी. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत केला, कारण अर्जावर सह्यांऐवजी अंगठे होते. बायका घरी आल्या, रडल्या, आणि लिहायला-वाचायला शिकू लागल्या. काही महिन्यांनी त्या पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्राशिवाय करायला सांगा. परवाना मिळाला आणि १९९७ साली माणदेशी महिला बँक सुरू झाली.

आता कार्डाकडे वळते. १९५० साली न्यूयॉर्कला डायनर्स क्लबचे कार्ड निघाले, ते हॉटेलांत जेवणाचे बिल मागाहून देण्यासाठी. म्हणजे खाणावळीचेच तत्त्व, फक्त जेवणारे मोठे लोक. १९५८ साली एका अमेरिकन बँकेने फ्रेस्नो या गावात साठ हजार लोकांना न मागता घरपोच कार्डे पाठवली. त्याचा पुढे पुष्कळ गोंधळ झाला. आपल्या देशातील बँकांत पहिला मान पुन्हा सेंट्रल बँकेचाच. १९८० साली तिने 'सेंट्रलकार्ड' काढले. नव्वद सालानंतर परदेशी बँकांनी कार्डे घरोघरी नेली, आणि फोनवरून गोड गोड बोलून कार्ड गळ्यात मारण्याचे दिवसही आपण पाहिले. आता रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे न मागता कार्ड पाठवता येत नाही, आणि अर्ज नाकारला तर त्याचे नेमके कारण लेखी कळवावे लागते. हे दुसरे कलम भगिनींनी ध्यानात ठेवावे. "सिस्टीममध्ये येत नाही" हे कारण नव्हे.

अनोळखी माणसाला कर्ज द्यायचे तर त्याची वही कोणाकडे तरी हवी. वाण्याला गिऱ्हाईक ओळखीचे असते, बँकेला नसते. म्हणून ऑगस्ट २००० मध्ये मुंबईत सिबिल ही कंपनी स्थापन झाली. २००४ साली तिने लोकांच्या कर्जाचे अहवाल बँकांना देण्यास आरंभ केला. २००५ साली या कामासाठी स्वतंत्र कायदा झाला. आज अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. सिबिलची कचेरी सेनापती बापट मार्गावरच्या उंच इमारतीत आहे. ती जागा म्हणजे पूर्वीच्या ज्युपिटर मिलचे आवार. जेथील कामगारांना आमच्या आजेसासूबाईंसारख्या बायकांनी उधारीवर जेवू घातले, तेथेच आता साऱ्या देशाच्या उधारीची वही आहे. आमच्या घरापासून बसने फार वेळ लागत नाही.

या वहीत काय असते? कोणत्या बँकेचे कोणते कर्ज, कोणते कार्ड, किती मर्यादा, किती बाकी, आणि गेल्या ३६ महिन्यांत प्रत्येक महिन्याचा हप्ता वेळेवर गेला की किती दिवस उशिरा. वेळेवर गेला असेल तर तीन शून्ये. शिवाय तुम्ही कोणकोणत्या बँकांत अर्ज केला त्याची नोंद. म्हणून एकदम चार ठिकाणी अर्ज टाकू नयेत, ही बाई पैशासाठी हातघाईवर आली आहे असा त्याचा अर्थ लावला जातो. कोणाला जामीन राहिला असाल तर तेही त्यात येते. पतपेढीत भावाला किंवा दिराला जामीन राहताना आपण एवढा विचार करीत नाही. या सर्वांवरून ३०० ते ९०० यांमधला एक आकडा काढतात. ७५० च्या वर असला म्हणजे बँका खूश असतात.

आणि काय नसते? तुमच्या खात्यातली शिल्लक नसते, दागिने नसतात. वाण्याची वही नसते. वीस वर्षे भिशीचा एकही हप्ता न चुकवलेली बाई असेल, तर त्याचा एक शब्दही नसतो. आमच्या मंडळाच्या भिशीत आजवर कोणी पैसे बुडवले नाहीत, पण ज्युपिटर मिलच्या आवारात हे कोणाला ठाऊक नाही.

यातून काय होते ते आमच्या इमारतीतल्या एका काकूंचे उदाहरण देऊन सांगते. तीन वर्षांपूर्वी काका गेले. काकांच्या कार्डावर काकूंचे जोडकार्ड होते. पंधरा वर्षे बिल भरायला बँकेत जाण्याचे काम काकूंचेच, एक दिवस उशीर नाही. परंतु जोडकार्डाच्या देण्याची जबाबदारी मूळ कार्डधारकाची, म्हणून पंधरा वर्षांची पुण्याई काकांच्या नावावर जमा झाली. काका गेले, मूळ कार्ड बंद, त्याबरोबर जोडकार्डही बंद. पुढे काकूंना कानाचे यंत्र हप्त्याने घ्यायचे होते, म्हणून त्यांनी स्वतःच्या नावाने अर्ज केला. निवृत्तिवेतन चालू, ठेवी आहेत, घर आहे. एका बँकेतून उत्तर आले की तुमचा पूर्वेतिहासच नाही. त्या बँकेचे नाव सांगण्याचे येथे कारण नाही. अहवाल काढला तर आकड्याच्या जागी 'उणे एक'. काकू त्या मुलाला म्हणाल्या, "अरे, पन्नास वर्षे या शिवाजी पार्कात राहते मी, आणि मला इतिहास नाही?"

उणे एक म्हणजे वाईट पत नव्हे. वहीत पानच नाही, एवढाच त्याचा अर्थ. पूर्वी कर्जच घेतले नाही एवढ्याच कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशांत म्हटले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अर्थराज्यमंत्र्यांनी लोकसभेतही तेच सांगितले. पण सर्व काउंटरांपर्यंत ते पोचायला वेळ लागणार, हेही उघड आहे.

काकूंनी आणि मी मिळून एक वाट धरली ती सांगते. मुदत ठेवीच्या तारणावर कार्ड मिळते. तेथे पूर्वेतिहासाचा प्रश्न फारसा येत नाही, कारण बँकेचे पैसे ठेवीतच अडकलेले असतात. मी माझ्या दिवाळी फराळाच्या पैशांतून पंचवीस हजारांची ठेव माझ्या एकटीच्या नावाने केली. कार्डाची मर्यादा ठेवीपेक्षा थोडी कमी मिळाली. दर महिन्याला फक्त तेल आणि बेसन त्या कार्डावर घ्यायचे आणि बिल आले की पुरतेच्या पुरते भरायचे. सहा-सात महिन्यांनी अहवाल काढला तेव्हा उणे एक गेले होते आणि ७०० च्या पुढचा आकडा आला होता. आमचे हे म्हणाले, "माझ्यापेक्षा तुझा जास्त!" त्यांनी मागे एकदा गाडीचे हप्ते उशिरा भरले होते. तेवढे मी येथे लिहिले तर चालेल, असे तेच म्हणाले.

'पुरतेच्या पुरते' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. बिलावर 'किमान देय रक्कम' असा एक लहान आकडा असतो, तो फसवा. समजा, बिल वीस हजारांचे आहे आणि आपण किमान म्हणून एक हजार भरले. महिना साडेतीन टक्के व्याज धरले तर सुमारे सातशे रुपये व्याज, त्यावर १८ टक्के कर म्हणजे आणखी सव्वाशे. हजार दिले, त्यातले पावणेदोनशेच कर्जातून कमी झाले. शिवाय बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. साडेतीन टक्के महिना म्हणजे वर्षाचे ४२ टक्के. पठाणाच्या ७५ टक्क्यांपेक्षा हे कमी आहे खरे, पण शरम वाटण्याइतके जवळही आहे! २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे अनुचित ठरवले होते. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. तेव्हा या बाबतीत कायदा आपल्या मदतीला येईल असे धरून चालू नये. ज्यांना दर महिन्याला पूर्ण बिल भरणे जमणार नाही, त्यांनी कार्डाच्या वाटेला जाऊ नये हे बरे. घरातल्या घरात 'त्यांच्या' कार्डावर साड्या घेणाऱ्यांनाही हे लागू आहे.

आता घरच्या वहीविषयी. १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल आपल्याला फुकट दिला पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे चार कंपन्यांचे मिळून वर्षाला चार. मोबाइलवर पॅन क्रमांक घालून तो निघतो. मात्र पैसे मागणाऱ्या भलत्या ठिकाणी जाऊ नये, कंपनीच्या स्वतःच्या जागीच जावे. चुकीची नोंद असेल तर तक्रार करता येते. ती ३० दिवसांत निकालात निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते, हा नियम एप्रिल २०२४ पासून अमलात आला. १८७९ साली शेतकऱ्याला जे मिळाले ते आपल्याला मिळायला असा वेळ लागला.

गेल्या महिन्यात हळदीकुंकवाच्या ऐवजी आम्ही मंडळाच्या खोलीत अहवाल काढण्याचा कार्यक्रम ठेवला. दोघी कॉलेजच्या मुली मदतीला होत्या. अकरा भगिनींनी अहवाल काढले. सहा जणींचे पान कोरे निघाले. त्यांतल्या एक तर तीस वर्षे शाळेत शिक्षिका होत्या, परंतु सर्व कर्जे यजमानांच्या नावावर. एकीला आपण दिराच्या दुकानाच्या कर्जाला जामीन आहोत हे तेथेच आठवले, आणि तिचे लक्ष पुढे चहाकडेही नव्हते. काकूंच्या अहवालात चौदा महिन्यांची तीन-तीन शून्ये ओळीने लागली आहेत. कानाचे यंत्रही आले आहे. त्यामुळे इमारतीत आता हळू बोलावे लागते. आणि एका भगिनीच्या नावावर तिने कधी न घेतलेले चाळीस हजारांचे कर्ज निघाले, पत्ताही भलत्याच उपनगरातला. आम्ही तेथेच बसून तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर तिसाव्या दिवसाभोवती लाल गोल केला. हा लेख कार्यवाह बाईंच्या हाती देते आहे तो एकोणिसावा दिवस.